बाप हाये तवर

मालाड, मुंबई
६ ऑक्टोबर

शिवकन्ये,

हे पत्र सीमाच्या शिलाई दुकानातच फोड. घरी नेलंस तर बापू चुलीत घालतील. आधी बातमी सांगून टाकतो, नाहीतर मी दुसरंच काहीतरी लिहीत बसतो आणि कागद संपतो. मला काम मिळालं. गर्दीतलं नाही, नावाचं. सिरियलमध्ये पाटलाच्या मेंढरांमागं फिरणारा पोरगा आहे, भिवा. तो मी.

दोन वर्षांत मी अकरा लग्नांत वऱ्हाडी झालो, चारदा हवालदार झालो, एकदा दवाखान्यात चादर घेऊन पडून राहिलो. सगळीकडं माझी पाठ दिसते, नाहीतर कान. दिपक म्हणतो, तुझा डावा कान आता अख्खा महाराष्ट्र ओळखतो. दिपक म्हणजे माझ्या खोलीतला, आपल्या कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. शूटिंगचे लाइट उचलतो. त्याच्या तांड्यावर होळीला जे गाणं म्हणतात ते तो अंघोळ करताना म्हणतो आणि मग बाहेर रांगेतले लोक दार वाजवतात. जाऊ दे, ते नंतर.

काम कसं मिळालं ते ऐक. ऑडिशनच्या खोलीत चाळीस पोरं होती. सगळ्यांना सांगितलं, मेंढरं हाकून दाखवा. पोरं हुर्र हुर्र करून राहिली होती. माझा नंबर आला तेव्हा मी जीभ दातामागं लावून बापू काढतात तो आवाज काढला. गेटवर झोपलेलं कुत्रं उठून आत आलं. डायरेक्टर साहेब म्हणाले, हाच घ्या.

मग मेकअपवाल्यानं वस्तरा काढला. म्हणे भिवा सतरा वर्षांचा आहे, मिशी उडवू. मी म्हणालो, आमच्यात बाप हाये तवर मिशीला वस्तरा लावत न्हाईत, डोक्यालाबी न्हाई. तो म्हणाला, "कौन से ज़माने से आया है?" पण साहेबांनी मिशी पाहिली, म्हणाले राहू दे, खरी वाटते. आता उलटंच झालंय. शेवटच्या दिवसापर्यंत एक केस कापायचा नाही. यांच्यात त्याला कंटिन्युटी म्हणतात. आज दारातून आत शिरलेला भिवा वीस दिवसांनी खोलीत पोचतो, पण केस तेवढेच दिसले पाहिजेत. माझ्या डोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवलेत. केस कापले की काम गेलं, अशी सही करून दिली मी. अठरा नोव्हेंबरला काम संपतं.

खाली नवा नंबर लिहिलाय. फक्त तुझ्यापाशी ठेव. जुन्या नंबरावर गावातली पोरं बकरीचा आवाज काढून फोन करायची, म्हणून ते सीमच फेकलं आणि मोबाइलात सगळीकडून त्यांना काढून टाकलं. बापूच्या फोनवर मी करणार नाही. मागल्या बारीला माझा आवाज ऐकून "राँग नंबर हाये" म्हणाले आणि ठेवला.

मायला सांग, मी दोन टाइम जेवतो.

तुझा दादा
प्रभू


गोरेगाव, ता. सेनगाव
१५ ऑक्टोबर

दादा,

सीमाच्या मशीनमागं बसून दोनदा वाचलं. सीमानं एकदा वाचलं, तिला मी दिलं नव्हतं. ती म्हणते, प्रभूभाऊचा उजवा कान जास्त चांगला आहे, तो दाखवायला सांग. फोन तिचा नवरा सोबत नेतो, म्हणून पत्रच लिहिते.

मायला गुपचूप सांगितलं होतं. पण मायच्या पोटात काय राहतं. परवा विहिरीपाशी मेंढरं कातरणं चालू होतं. बापू कातर चालवत होते, शिवहारदादा एकेक मेंढरू आणून पाडत होता. माय भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "आपल्या प्रभूला काम मिळालं म्हणं टीवीत. दीड महिना केस कापायचे न्हाईत म्हणं."

बापूनं मान वर केली नाही. "मंग त्याला म्हणाव इकडं ये. चाळीस मेंढरं झाली, एकेचाळिसावं त्याचं काढतो. लोकर बी लांब निघंल."

शिवहारदादा इतका हसला की त्याच्या हातची मेंढी अर्धी कातरलेली सुटून सोयाबीनच्या काडात पळाली. तिला धरायला आम्ही तिघं.

शेवटी तो काळा एडका राहिला, कपाळावर पांढरा ठिपका आहे तो. शिवहारदादानं त्याचे पाय बांधले. बापू म्हणाले, "सोड त्याला."

"काहून काका?"

"त्याची शूटिंग चालू हाये."

असं म्हणून कातर पुसली आणि बिडी पेटवली. तवापासून त्या एडक्याला सगळे प्रभ्या म्हणतात. तू रागावू नको. मला तर वाटतं बापूनं तुझं नाव घ्यायला एक सोय करून घेतली. दिवसातून दहादा हाक मारतात. "प्रभ्या, मागं राहू नको." "प्रभ्या, त्या बांधावर काय ठेवलंय तुझं?"

बापूला थंडी वाजून ताप येतो, चार दिवस झाले. इथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाला हिंगोलीला नेऊन रक्त तपासा. बापू म्हणाले, "मेंढरामागं कोण जाईल, डॉक्टर का?" तू काळजी करू नको, पण एकदा फोन केलास तर बरं होईल. राँग नंबर म्हणाले तरी आवाज तर ऐकतील.

शिवकन्या


मालाड
२९ ऑक्टोबर

शिवे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सेटवर होतो. दिपकनं ते लाइटच्या पेटीत ठेवलं, विसरला, चार दिवसांनी दिलं. त्याला शिव्या दिल्या. मग त्यानं चहा पाजला, मग आम्ही समुद्राकडं गेलो, तिथं एक माणूस वाळूवर उलटा चालत होता, गुडघ्याला चांगलं असतं म्हणे. मी पण चाललो थोडा.

माझं पहिलं वाक्य झालं. "मालक, कळपात एक कमी आहे." मी म्हणालो, "मालक, कळपात एक कमी हाये." साहेब म्हणाले, कट, आहे म्हण. मी आहे म्हणालो तर म्हणाले आता शाळेतला वाटतोस. सात वेळा घेतलं. सातव्या वेळी मी काय म्हणालो मलाच ठावं नाही, पण टाळ्या वाजल्या.

आणि कळप कसला माहीत आहे का? भाड्यानं बारा बकऱ्या आणल्या. मेंढी एकच, ती पुढं उभी करतात. मी म्हणालो, साहेब, या बकऱ्या आहेत. तर म्हणाले, पब्लिकला काय कळतं. बापूनं पाहिलं तर टीवी फोडतील. बरं झालं आपल्याकडं डबडं टीवी आहे, नीट दिसत नाही.

एडक्याचं वाचून मी लई हसलो. मग दिपकला वाचून दाखवताना मला हसायला आलं नाही, ते काहून कोण जाणे. त्या एडक्याच्या लोकरीत गोखरू अडकतील, शिवहारला म्हणाव रोज बोटानं काढत जा.

बापूचा ताप उतरला असेलच. बापूचा ताप बापूलाच भितो. फोन करायचा परवा हातात घेतला होता, तेवढ्यात बोलावणं आलं. दिवाळीत नक्की करतो. सुट्टी नाही दिवाळीला, यांचे एपिसोड पुढं जातात.

शेवटची तारीख अजून अठराच आहे. आरशात पाहिलं की वाटतं आपणच ते काळं एडकं.

प्रभू


गोरेगाव
१० नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या टाळ्यांचं मायला सांगितलं.

दिवाळीत तुझा फोन आला नाही, ते बरंच झालं, कारण बापूचा फोन बंद आहे. चार्जिंगला लावायचं राहून गेलं. पाडव्याला बापूनं सगळ्या मेंढरांना गेरूचे पट्टे मारले. अंगात कसकस होती तरी स्वतः मारले. प्रभ्याला मारता येईना, लोकर लांब, तर त्याच्या शिंगांना मारले.

आता बापूला ताप नाही. काळजी करू नको.

घरात माणसं बरीच आहेत सध्या. मोठी आत्या आली, कळमनुरीचे मामा आले, दिवाळीचे राहिलेत ते सोळा तारखेपर्यंत राहतील. स्वयंपाकात वेळ जातो, म्हणून पत्र छोटं आहे. शिवहारदादानं डोकं साफ केलं, मिशी पण. उवा झाल्या होत्या म्हणून. तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस. मेंढरामागं आता तोच जातो.

तुझं काम अठराला संपतं ना? पक्कं कळव. आणि संपलं की त्याच दिवशी निघ. एक दिवस पण तिकडं थांबू नको, समुद्र बघू नको. अठराला काम, एकोणीसला गाडी.

केस सांभाळ.

शिवकन्या


मालाड
२१ नोव्हेंबर

शिवे,

अठराचं काही झालं नाही. अठराचं पाच डिसेंबर झालं. इथं तारीख म्हणजे आपल्या गोरेगावची जीप आहे, भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळं एकोणीसची गाडी राहिली. रागावू नको.

बापूचा ताप गेला हे वाचून बरं वाटलं. शिवहारचं टक्कल डोळ्यासमोर आणून मी आणि दिपक खूप हसलो. त्याचा बाप, आपले काका वारले तेव्हा त्यानं केलं होतं, तेव्हा त्याचं डोकं केवढं निघालं होतं, आठवतं का?

आता नीट वाच. सिरियलची गोष्ट बदलली. भिवाचा बाप मरतो. मेंढरं घेऊन लांब गेलेला भिवा उशिरा पोचतो, आणि अंगणात बसून त्याचं डोकं आणि मिशी उतरवतात, कॅमेऱ्यासमोर, खरोखर. टकलाची टोपी लावून पाहिली, तर कानापाशी शिवण दिसते. तिथंच बसून भिवाला बोलायचं आहे. पाच वाक्यं. "आबा, मी आलो. उशीर झाला. मला वाट कुणी दाखवलीच नाही..." पुढचं लिहीत नाही, नजर लागते. मला पाठ आहे. दिपकसमोर म्हटलं तर तो भिंतीकडं बघायला लागला. साहेब म्हणाले, हा सीन जमला तर भिवा वर्षभर चालतो, नाही जमला तर शेळ्यांबरोबर परत.

आणि मी अडकलोय. दीड महिना केस कापू नको म्हणून सही घेतली, आणि आता सगळे उतरव म्हणतात. बाप जिता असताना मी मिशीला वस्तरा कसा लावू? बापूनं माझ्याशी बोलणं सोडलं असेल, पण बाप आहेत. उद्या बापूला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ठीक, बापाला विचार, दोन तारखेपर्यंत सांग.

तर तू बापूला विचार. चहा पिऊन झाल्यावर विचार, मेंढरं वाड्यात कोंडल्यावर, त्याच्या आधी नको. म्हणाव, प्रभू विचारून राहिला. स्वतःहून करत नाही, विचारतो. ते हो म्हणाले तर मी बसतो. नाही म्हणाले तर नाही. सीमाच्या नवऱ्याच्या हाता-पाया पड, पण त्याच्या फोनवरून एक फोन कर.

बापू काय म्हणतील याचाच विचार करून राहिलो. मला वाटतं शिवी देतील आणि मग म्हणतील, कर. असं वाटतं खरं.

प्रभू


मालाड
३ डिसेंबर

शिवे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गेटवर उभा होतो, माझ्यामागं बारा बकऱ्या टेम्पोतून उतरत होत्या, म्हणून नीट ऐकू येत नव्हतं. पण जेवढं ऐकलं तेवढं पुरं झालं.

तू म्हणालीस, "बापू हो म्हणाले."

मी म्हणालो, "काय म्हणाले? शब्द सांग."

तू म्हणालीस, "हो म्हणाले, दादा. कर म्हणाले."

मी म्हणालो, बापूला फोन दे. तू म्हणालीस, मेंढरामागं गेलेत. मी म्हणालो, मेंढरामागं तर शिवहार जातो ना आता? सीमाच्या मशीनचा आवाज येत राहिला फक्त.

शिवे, तू लहान होतीस तेव्हापासून तुला खोटं बोलता येत नाही. बापू असं एका शब्दात हो म्हणणारे नाहीत. आधी सात पिढ्या काढतील. तू त्यांना विचारलंच नाहीस, किंवा विचारलं आणि ते नाही म्हणाले, आणि तुझ्या दादाचं काम जाऊ नये म्हणून तू आपल्या मनानं हो करून टाकलं. मला तुझा राग आला नाही. पण लबाडीच्या हो वर मी बापाच्या जिवाचा जुगार खेळणार नाही.

मी सरळ साहेबांकडं गेलो. म्हणालो, माझा बाप जिता आहे, मी बसणार नाही. ते म्हणाले, "अच्छा है. तू अपना बाप संभाल, हम दूसरा लड़का देखते हैं." तासाभरात दुसरा पोरगा आला. नाशिकचा आहे, चांगला आहे, त्याला शिट्टी पण येत नाही. आधीच्या एपिसोडात मी आणि इथून पुढं तो. मी म्हणालो, कंटिन्युटीचं काय? तर म्हणाले, टकलात कोण ओळखतो.

दिपक मला मूर्ख म्हणाला. मग त्यानंच भात टाकला.

खरं सांगू का, वाईट वाटतं, पण एका बाजूनं बरं पण वाटून राहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी बापूचं ऐकलं, तेही त्यांनी न सांगता. आता तू त्यांना नक्की सांग. म्हणाव, प्रभूनं काम सोडलं, पण मिशी ठेवली. ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं लिही. शिवी असेल तर शिवी लिही.

एडकं कातरलं का?

प्रभू


गोरेगाव
१० डिसेंबर

दादा,

बापू नाहीत.

हे मी पाच कागदांवर लिहून फाडलं. सहाव्यावर एवढंच आधी लिहिलं, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, चार नोव्हेंबरला, सकाळी आठच्या आसपास. रात्रीतून ताप मेंदूत चढल्यासारखा झाला, बडबडायला लागले. हिंगोलीला न्यायला जीप बोलावली. शिवहारदादानं उचलून जीपमध्ये घातलं, डोकं माझ्या मांडीवर. सेनगावच्या अलीकडंच गेले. जीप तिथूनच फिरवली.

गोरेगाव सोडताना शुद्धीवर होते. मी म्हणाले, "बापू, दादाला फोन लावते." माझ्याकडं नंबर आहे हे त्यांना कसं ठाऊक, कोण जाणे, पण विचारलं नाही. म्हणाले, "नको. त्याचे केस जातेन." मी म्हणाले, असं काय बोलता. तर म्हणाले, "त्याचं काम होऊ दे. मंग सांग." आणि मग विचारलं, "प्रभ्याला कोंडलं का?" मी हो म्हणाले. एडक्याचंच विचारलं असेल.

मी मायला सांगितलं. माय म्हणाली, अठरा तारीख तर आहे, चौदा दिवस. त्यांचा शब्द राखू. तुझ्या जागी शिवहारदादानं माती दिली, त्यानंच त्याच दिवशी डोकं उतरवलं. मी तुला उवांचं लिहिलं. ते लिहिताना शिवहारदादा समोर बसून मला तुझा नंबर मागत होता आणि मी म्हणत होते माझ्याकडं नाही. सीमानं पण तोंड शिवून घेतलं, देव तिचं भलं करो.

मग अठराचं पाच झालं. चौदा दिवसांचं खोटं होतं दादा, ते महिन्याचं झालं. गाव म्हणायला लागलं, पोरगा बापाच्या मातीला आला न्हाई, तेराव्यालाबी न्हाई, तिकडं नाचत असंल. आत्या अंगणात बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होती आणि मी तिला चहा देत होते. माय म्हणाली, "आता सांग वं." मी म्हणाले, पाच तारीख होऊ दे. माय मग माझ्याशी पण बोलेना.

तुझं ते विचारायचं पत्र आलं तेव्हा मी दुकानातून उठून मागं मोरीत जाऊन बसले. तू लिहिलं होतं, चहा पिऊन झाल्यावर विचार. कोणाला विचारू?

मग मला एक सुचलं, ते तुला सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी विचार केला, दादाचे केस तर निघायलाच पाहिजेत. बापूचे म्हणून निघायचे राहिलेत ते. तिथं कॅमेऱ्यासमोर का होईना, निघतील. वस्तरा लागेल, मिशी जाईल, तो रडेल. त्याला ठाऊक नसेल कोणासाठी, पण बापूला तर कळेल. आणि काम पण होईल. दोन्ही होईल. मग संध्याकाळी फोन करून खरं सांगू. म्हणून हो म्हणाले. बापू हो म्हणाले असते असं मला वाटलं. अजून वाटतं. पण तू म्हणालास शब्द सांग, आणि माझ्याकडं त्यांचा एकच शब्द होता, जीपमधला, तो मला तुला सांगता येईना.

मी खरं बोलले असते तर तू बसला असतास आणि काम टिकलं असतं. मी खोटं नीट बोलले असते तरी टिकलं असतं. मी दोन्ही केलं नाही.

तुझं परवाचं पत्र मायला वाचून दाखवलं. "मिशी ठेवली" इथं माय उठून आत गेली.

एडकं कातरलं नाही. शिवहारदादानं एकदा कातर काढली, तर माय त्याच्यावर धावून गेली. गोखरूंनी भरलंय, मागं मागं राहतं.

ये.

शिवकन्या


मालाड
१९ डिसेंबर

शिवे,

पत्र परवा मिळालं. मी ते उभ्यानं वाचलं, मग जिन्यात बसून वाचलं, मग खाली जाऊन उसाच्या रसवाल्याशेजारी उभा राहिलो. त्यानं रस दिला. मी पिलो. चव लागली, याचीच मला लाज वाटली.

मग समोरच्या सलूनमध्ये गेलो. तो उत्तरेकडचा माणूस आहे. डोकं झाल्यावर त्यानं विचारलं, "मूँछ भी?" मी म्हणालो, मूँछ भी. त्यानं हात थांबवला. मग काही न विचारता गरम पाणी आणलं आणि मिशी भिजवली, डोक्याला नुसता फवारा मारला होता. केस मी झाडूनं गोळा करून एका पिशवीत भरले. ते घेऊन येतो, कयाधू नदीत सोडू. ते बापूचं उशिरा फेडलेलं देणं आहे, इथल्या गटारात कसे सोडू.

आजचं गाडीचं तिकीट दिपकनं काढलं. पण काल सकाळी गर्दी पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा मेसेज आला. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो सगळ्यांना पाठवतो. "मैयत का सीन, चार टकले चाहिए, असली टकले." तोच सीन. पाच तारखेचं ढकलत कालच्या अठरावर आलं होतं. म्हणजे मला बापूचं आधीच कळलं असतं तर, असं मनात आलं. ते मी तिथंच थांबवलं, पुढं जाऊ दिलं नाही. तू पण थांबव.

दिपक म्हणाला, जाऊ नको, वेडा झाला का. मी गेलो. काहून गेलो ते विचारू नको. बापूच्या मातीला मी नव्हतो. मला कोणाच्या तरी मातीला उभं राहायचं होतं, आणि गाडीला एक दिवस होता.

भिवाचा बाप म्हणजे एक म्हातारे नट आहेत. तिरडीवर पडून पांढऱ्या कापडाखाली केळं खात होते. मला पाहून म्हणाले, "अरे तू? तू तर टक्कल करणार नव्हतास ना?" मी म्हणालो, केलं. ते म्हणाले, "आधीच केलं असतंस तर बाळा." आणि परत डोळे मिटून झोपले.

मला तिसऱ्या ओळीत उभं केलं. नाशिकचा पोरगा पाटावर बसला. त्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरला आणि त्यानं सुरू केलं, "आबा, मी आलो. उशीर झाला." चांगलं म्हणत होता. मी पाहत होतो तो तिरडीवरच्या कापडाकडं. ते कापड श्वासानं वर-खाली होत होतं. मला तेवढंच दिसत होतं. बापूचं कापड असं झालं नसेल.

साहेब म्हणाले, "कट. पीछे वो कौन है? इतना नहीं रोना. नज़र उधर जा रही है." कोणी तरी माझा खांदा धरला. साहेबांनी मला ओळखलं, तोंड उघडलं, मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, याला फ्रेमच्या बाहेर बसवा.

फ्रेमच्या बाहेर बकऱ्या बांधल्या होत्या आणि ती एक मेंढी. मी तिच्यापाशी बसलो. तिथून सीन ऐकू येत होता. चारदा झाला. चारदा भिवा म्हणाला, उशीर झाला, वाट कुणी दाखवलीच नाही. मला ती पाचही वाक्यं पाठ होती, पण म्हणावी वाटली नाहीत. बापूला ती भाषा समजली नसती. मी जीभ दातामागं लावली, पण आवाज काढला नाही, शूटिंग चालू होतं. नुसती हवा सोडली. त्या मेंढीनं तरी मान वर केली आणि माझ्या टकलाचा वास घेत बसली. पॅकअप होईपर्यंत आम्ही तसेच होतो.

शिवे, मी तुला काहीच म्हणत नाही. तू बापूचं ऐकलं, मी बापूचं ऐकलं. दोघांनी पहिल्यांदाच इतकं नीट ऐकलं असेल.

मायला सांग, मी वाड्यातच झोपेन, मेंढरांपाशी. आत्या काय म्हणेल ते म्हणू दे, मी बसून ऐकतो. आणि बापूची कातर तेल लावून काढून ठेव. प्रभ्याला मी कातरतो. मला नीट जमत नाही, कातडी कापते, म्हणून शिवहारला पाय धरायला सांग आणि तू डोकं धर. गेरूचे पट्टे अजून शिंगांवर असतील तर ते पुसू नका.

हे पत्र आता स्टेशनावर जाताना पेटीत टाकतो. म्हणजे ते माझ्या मागून पोचेल, चार-पाच दिवसांनी. तेव्हा मी घरीच असेन. आलं की सीमाच्या दुकानात फोडू नको, घरी आण आणि मायसमोर वाच. यातलं मला तोंडानं काही सांगता येणार नाही.

प्रभू